‘नेहरूंनंतर कोण?’ : एका न झालेल्या निवृत्तीची गोष्ट

जुन्या मराठी घरांत तिजोरीच्या किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कनवटीला आहे यावरून घरात चालते कोणाचे ते कळत असे. तो जुडगा सुनेच्या हाती कधी जायचा, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसे. सासूच्या मनाने घेतले की जाई. नाही घेतले तर तिच्या उशाखालीच राही आणि एका सकाळी तिथूनच काढून घ्यावा लागे. राज्याच्या किल्ल्यांचे काही वेगळे नसते. फरक एवढाच की घरात थांबतात त्या चारदोन माणसे. राज्यात कोट्यवधी थांबलेले असतात आणि आपण थांबलो आहोत हे त्यांना अनेकदा ठाऊकही नसते.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उभा राहिला तो पंडित नेहरूंच्या अखेरच्या वर्षांत. ‘खुर्ची सुटत नाही’ या एका वाक्यात आपण अशा प्रसंगांची वासलात लावतो. नेहरूंची हकिगत मात्र त्या वाक्यात बसत नाही. कारण या माणसाने खुर्ची सोडू का, असे एकदा उघडपणे विचारले होते.

१९५८ : दिलेली आणि परत घेतलेली इच्छा

एप्रिल १९५८ च्या अखेरीस नेहरूंनी काँग्रेस संसदीय पक्षापुढे आपल्याला काही काळ पंतप्रधानपदाच्या भारातून मोकळे व्हायचे आहे, अशी इच्छा बोलून दाखवली. वय अडुसष्ट. तोवर सलग अकरा वर्षे पंतप्रधानपद आणि परराष्ट्र खाते त्यांच्याकडेच होते. मौलाना आझाद त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते. रफी अहमद किडवाई त्याआधीच, १९५४ मध्ये गेले होते. बरोबरीने बोलू शकतील अशी माणसे एकेक करून कमी होत होती.

पक्षात हलकल्लोळ झाला. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनीदेखील पत्र पाठवून काळजी व्यक्त केली. काही दिवसांतच नेहरूंनी विचार मागे घेतला आणि ते विश्रांतीसाठी मनालीला गेले. निवृत्तीचे रूपांतर सुट्टीत झाले.

या घटनेकडे नाटक म्हणून पाहणारे तेव्हाही होते. तसे मानायला मला आधार दिसत नाही. मात्र ज्यांनी त्यांना थांबवले त्यांच्या मनात काय होते, हे विचारायला हवे. खेड्यापाड्यांत मते मिळत होती ती नेहरूंच्या नावावर. राज्याराज्यांतले तंटे शेवटी त्यांच्याच दारात मिटत होते. त्यांचे जाणे म्हणजे प्रत्येकाला आपली खरी उंची कळण्याची वेळ. ती टाळण्यात सगळ्यांचाच स्वार्थ होता. म्हाताऱ्या नेत्याला खुर्चीला बांधून ठेवणाऱ्या दोऱ्यांपैकी बऱ्याच त्याने स्वतः वळलेल्या नसतात.

आपल्याकडे वेगळे उदाहरण नव्हते असे नाही. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर १९५२ ची निवडणूक न लढवता बाजूला झाले. राज्य मोरारजी देसाईंच्या हाती गेले आणि खेर उच्चायुक्त म्हणून लंडनला रवाना झाले. वय त्रेसष्ट. पण खेरांनंतर मुंबईत मोरारजी होते. नेहरूंनंतर दिल्लीत कोण, या प्रश्नाला तसे सरळ उत्तर नव्हते.

शरीर बोलू लागते

१९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर नेहरूंना मूत्रपिंडाच्या विकाराने गाठले आणि काही आठवडे सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. ते पूर्वीसारखे झालेच नाहीत, असे त्यांना जवळून पाहणाऱ्यांनी पुढे नोंदवले आहे. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला चीनचे आक्रमण सुरू झाले. महिनाभरात कृष्ण मेनन गेले आणि मुंबईहून यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावून घेतले गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य आपण अभिमानाने सांगतो. पण हिमालयाला हाक मारावी लागली होती आणि हाक मारणारा माणूस थकलेला होता, ही त्या वाक्याची दुसरी बाजू आपण सहसा पाहत नाही.

ती पिढीच अशी खुर्चीवर असताना संपत होती. गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत मार्च १९६१ मध्ये पदावर असताना गेले. बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधनचंद्र रॉय १ जुलै १९६२ रोजी, आपल्या ऐंशीव्या वाढदिवशी, पदावर असतानाच गेले. महाराष्ट्रात चव्हाणांनंतर आलेले मारोतराव कन्नमवार २४ नोव्हेंबर १९६३ ला मुख्यमंत्री असतानाच गेले आणि वसंतराव नाईकांचे पर्व सुरू झाले. निवृत्त होणे म्हणजे स्वातंत्र्याच्या लढाईतून पळ काढणे, अशी काहीशी भावना त्या पिढीच्या हाडीमासी खिळलेली असावी. तुरुंगात ‘आता पुरे’ म्हणायची सोय नसते.

ऑगस्ट १९६३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. आचार्य कृपलानींनी लोकसभेत नेहरू सरकारवर पहिला अविश्वासाचा ठराव आणला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. आकड्यांनी सरकार वाचले. पण सोळा वर्षांत जे कोणी केले नव्हते ते झाले होते. आणि त्याच महिन्यात कामराज योजना अंमलात आली. ज्येष्ठांनी सत्तापदे सोडून पक्षकार्याला लागावे, ही मद्रासचे मुख्यमंत्री कामराज यांची कल्पना. मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, जगजीवनराम, स. का. पाटील, गोपाल रेड्डी आणि श्रीमाळी हे सहा केंद्रीय मंत्री आणि स्वतः कामराज यांच्यासह सहा मुख्यमंत्री पायउतार झाले.

या योजनेवर भरपूर लिहिले गेले आहे. मोरारजींचा काटा काढण्यासाठी ती होती की नव्हती, हा वाद कधी संपणार नाही. मला त्यातली एक साधी गोष्ट अधिक बोलकी वाटते. बाजूला झालेले बाराही जण नेहरूंपेक्षा वयाने लहान होते. नेहरूंनी आपलाही राजीनामा देऊ केला होता. तो कोणी विचारातसुद्धा घेतला नाही. निवृत्तीच्या त्या सोहळ्यात जागेवर राहिला तो त्र्याहत्तर वर्षांचा माणूस.

भुवनेश्वर

त्याच वर्षी वेल्स हँगेन या अमेरिकी पत्रकाराचे एक पुस्तक आले. त्याचे नावच ‘नेहरूंनंतर कोण?’ असे होते. त्यात आठ नावांची चर्चा होती : मोरारजी, कृष्ण मेनन, शास्त्री, यशवंतराव चव्हाण, इंदिरा गांधी, जयप्रकाश नारायण, स. का. पाटील आणि जनरल कौल. आठांपैकी तिघांचे राजकारण मुंबईच्या मंत्रालयात आणि पालिकेत घडलेले होते. यादीत एका सेनाधिकाऱ्याचे नाव यावे, यावरून बाहेरच्या जगाला भारताच्या लोकशाहीबद्दल किती धाकधूक होती ते दिसते. शेजारी पाकिस्तानात १९५८ पासून लष्कराचेच राज्य होते.

जानेवारी १९६४ मध्ये भुवनेश्वरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. कामराज आता पक्षाध्यक्ष होते. अधिवेशनाच्या सुरुवातीलाच नेहरूंना पक्षाघाताचा झटका आला आणि डाव्या अंगातली शक्ती कमी झाली. लोकशाही समाजवादाचा ज्या ठरावाचा त्यांनी आयुष्यभर ध्यास घेतला, तो ते आजारी असताना मंजूर झाला.

त्यानंतर घडले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. तातडीचे काम गृहमंत्री गुलजारीलाल नंदा आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी पाहायचे, अशी व्यवस्था झाली. महिना संपण्यापूर्वी, पाचच महिन्यांपूर्वी बाहेर गेलेल्या शास्त्रींना बिनखात्याचे मंत्री म्हणून परत आणले गेले. काश्मीरमध्ये हजरतबलच्या पवित्र अवशेषाच्या चोरीने वातावरण पेटले होते. ते शमवण्यासाठी तेच गेले. पण शास्त्रींचा अधिकार नेमका किती, नंदा वरचे की शास्त्री, पंतप्रधानांऐवजी सही कोणी करायची, हे कुठेच लिहिलेले नव्हते. सरकारी सूर विश्रांतीचा आणि सुधारणेचाच राहिला. नेहरू संसदेत परतले तेव्हा त्यांना बसून बोलण्याची मुभा देण्यात आली.

घटनेत याचे उत्तर शोधले तर एक चमत्कारिक गोष्ट हाती लागते. राष्ट्रपती आजारी पडले तर काय, हे कलम ६५ स्पष्ट सांगते : उपराष्ट्रपतींनी काम पाहावे. ते कलम नुसते कागदावर राहिलेले नव्हते. १९६१ मध्ये डॉ. राजेंद्र प्रसाद गंभीर आजारी असताना डॉ. राधाकृष्णन यांनी काही महिने ते काम पाहिले होते. ज्या पदाकडे बहुतांशी मान आहे त्याच्या आजारपणाची सोय झाली होती. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या आजारपणाबद्दल घटना गप्प होती. अशा वेळी त्याचे सहकारी आणि त्याचा पक्ष काय ते पाहतील, हे संसदीय पद्धतीने गृहीत धरलेले असते.

दोन परदेशी प्रकरणे

हे गृहीतक किती पोकळ ठरते, ते ज्यांच्याकडून आपण ही पद्धत घेतली त्यांच्याच घरात दहा वर्षांपूर्वी दिसले होते. २३ जून १९५३ रोजी इटलीच्या पंतप्रधानांसाठी दिलेल्या भोजनाच्या शेवटी चर्चिल यांना पक्षाघाताचा झटका आला. ज्यांच्याकडे कारभार जायचा ते अँथनी ईडन शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत होते. डॉक्टरांच्या मूळ निवेदनातला मेंदूच्या रक्ताभिसरणाचा उल्लेख काढून टाकला गेला. जनतेला कळले ते एवढेच की पंतप्रधानांना पूर्ण विश्रांतीची गरज आहे. बड्या वृत्तपत्रांच्या मालकांनी मौन पाळले. ऑक्टोबरात मार्गेटच्या पक्ष-अधिवेशनात उभे राहून चर्चिल यांनी भाषण केले आणि एप्रिल १९५५ पर्यंत, वयाच्या ऐंशीपर्यंत, पद सोडले नाही. वाट पाहून पाहून ईडन आले तेव्हा त्यांचीच प्रकृती खचलेली होती. सुएझनंतर जानेवारी १९५७ मध्ये तेही गेले.

अमेरिकेत त्याहून वाईट झाले होते. ऑक्टोबर १९१९ मध्ये अध्यक्ष विल्सन यांना झटका आल्यावर कोणाला आत सोडायचे आणि कोणता कागद न्यायचा, हे त्यांच्या पत्नी आणि डॉक्टर ठरवीत. त्या काळात मंत्रिमंडळाच्या बैठका बोलावणाऱ्या परराष्ट्रमंत्र्यांना, लान्सिंग यांना, नंतर राजीनामा द्यावा लागला. अध्यक्ष काम करण्यास असमर्थ झाला तर काय, याचे नियम अमेरिकेने पंचविसाव्या घटनादुरुस्तीने केले, ते १९६७ मध्ये. मधे अठ्ठेचाळीस वर्षे गेली आणि केनेडींची हत्याही होऊन गेली.

या दोन्ही प्रकरणांशेजारी ठेवले तर दिल्लीतले १९६४ बरेच उघडे वाटते. नेहरू आजारी आहेत हे देशाला दिसत होते. मंद झालेली चाल आणि थकलेला चेहरा लोकांपासून लपवलेला नव्हता. लपलेले होते ते निर्णय. ते कोण घेत आहे, हे कोणी सांगत नव्हते.

शेवटचे पाच महिने

एवढे असूनही ते पाच महिने नुसते ओसरतीचे नव्हते. एप्रिलमध्ये शेख अब्दुल्लांची सुटका झाली. अकरा वर्षांपूर्वी ज्यांना कैदेत टाकले, तेच आता तीन मूर्ती भवनात नेहरूंचे पाहुणे होते. काश्मीरचा गुंता आपल्या हयातीत सोडवून जावा, अशी ती घाई होती. मे महिन्याच्या मध्याला मुंबईत महासमितीच्या बैठकीला ते आले. २२ मे रोजी दिल्लीत पत्रकार परिषद झाली, तिथे वारसदाराचा प्रश्न पुन्हा निघाला. आपले आयुष्य इतक्यात संपत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. मग देहरादूनला तीन दिवस विश्रांती, २६ ला परत, आणि २७ च्या दुपारी सारे संपले. अब्दुल्ला तेव्हा मुझफ्फराबादला होते. बोलणी तिथेच थांबली.

नेहरूंनी वारस का नेमला नाही? लोकशाहीत वारस नेमायचा नसतो, हे त्यांचे उत्तर तत्त्वाला धरून होते आणि ते खरेही मानले पाहिजे. पण वारस न नेमणे वेगळे आणि जाण्याची तारीख न ठरवणे वेगळे. पहिल्याने पक्षाला मोकळीक मिळते. दुसऱ्याने पक्ष ताटकळत राहतो. ऑक्टोबर १९६३ मध्येच तिरुपतीला कामराज, अतुल्य घोष, संजीव रेड्डी आणि निजलिंगप्पा यांची बैठक झाली होती. जे उघडपणे विचारता येत नव्हते ते देवळाच्या गावी दबक्या आवाजात विचारले जात होते. राजकारणात ‘सिंडिकेट’ हा शब्द आला तो याच ताटकळण्यातून.

नंदा हंगामी पंतप्रधान झाले, कामराजांनी मते आजमावली, मोरारजींनी माघार घेतली आणि २ जूनला शास्त्रींची एकमताने निवड झाली. सेनापती आला नाही की रक्त सांडले नाही. जगाची भीती खोटी ठरली. यातच एक चकवाही होता. यंत्रणा नसताना निभावले, म्हणून यंत्रणेची गरजच नाही, असे आपण मानून चाललो. पदावर येऊन महिना होतो न होतो तोच शास्त्रींना हृदयविकाराचा झटका आला आणि राष्ट्रकुल परिषदेला त्यांच्याऐवजी इतरांना जावे लागले. तेव्हा तरी प्रश्न विचारायला हवा होता. तो विचारला गेला नाही. दीड वर्षाने ताश्कंदहून बातमी आली आणि नंदा पुन्हा हंगामी पंतप्रधान झाले.

थकलेल्या नेत्याला जाब विचारताना आपण त्याच्या लोभाबद्दल बोलतो, क्वचित त्यागाबद्दलही. खेरांसारखा कोणी वेळेवर उठून गेला की त्याचा गौरव करतो. दोन्ही वेळी निर्णय त्याच्या मनावर सोडून आपण मोकळे होतो. १९५८ मध्ये नेहरूंच्या मनाने घेतले होते. पण तो जुडगा हातात घ्यायला कोणी पुढे झाले नाही. सहा वर्षांनी तो उशाखालून काढावा लागला.