दारातला बर्फ कोणाचा?

ऑक्टोबरातली पानगळ सरत आली की मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, ऑन्टारिओ या पट्ट्यातल्या घरमालकांची एक ठरलेली लगबग सुरू होते. ड्राइव्हवेच्या डांबरातल्या भेगा बुजवायच्या, कारण भेगेत मुरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं आणि वसंतापर्यंत भेगेचा खड्डा होतो. जमीन गोठून टणक होण्याआधी ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना चमकत्या पट्टीच्या काठ्या रोवायच्या, म्हणजे बर्फाखाली कड कुठे आहे ते यंत्र चालवणाऱ्याला समजेल. गॅरेजमध्ये गवत कापायचं यंत्र मागे जातं आणि स्नोब्लोअर पुढे येतो. त्याचं तेल बदलायचं, स्पार्क प्लग तपासायचा, मागच्या हंगामातलं पेट्रोल काढून टाकायचं आणि शिअर पिनांची जादा जोडी हाताशी ठेवायची. ही पिन मुद्दाम मऊ धातूची केलेली असते. बर्फात दडलेला दगड किंवा गोठलेलं वर्तमानपत्र पात्यात अडकलं, तर पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. गॅरेजच्या दाराखालची रबरी पट्टी, मिठाची पोती, फावडी, सगळ्यांवर एकदा नजर फिरते. ही तयारी तिथल्या जीवनात इतकी मुरली आहे की उत्तरेकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या असंच करत आली असतील असं कोणालाही वाटावं. प्रत्यक्षात आजच्या रूपातला हा रिवाज जेमतेम सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा आहे. बर्फ तर त्याच्या कितीतरी आधीपासून पडतो आहे. रिवाज घडवला तो मोटारीने आणि उपनगराने, आणि तो घडताना एक मोठं सार्वजनिक काम एकेका घराच्या अंगावर येऊन पडलं.

मोटारीआधीच्या व्हरमाँट किंवा न्यू हॅम्पशायरमध्ये हिवाळ्याची तयारी उलट दिशेची होती. रस्त्यावरचा बर्फ काढायचा नसे, टिकवायचा असे. गावचा खर्च बर्फ दाबण्यावर होई. चार-सहा घोडे जुंपलेला प्रचंड लाकडी रोलर ताज्या बर्फावरून फिरवून त्याची घट्ट, गुळगुळीत वाट केली जाई, आणि तिच्यावरून चाकांऐवजी धावपट्ट्या लावलेल्या स्लेजगाड्या पळत. छप्पर असलेल्या लाकडी पुलांच्या आत बर्फ पडत नसे, म्हणून माणसं लावून बाहेरचा बर्फ फावड्याने आत आणून पुलाच्या तक्तपोशीवर पसरावा लागे. आज हे वाचताना विचित्र वाटतं, पण त्यामागचा हिशेब चोख होता. जंगलातले ओंडके, तळ्यातून कापलेला बर्फ, लाकूडफाटा, धान्य अशी सगळी जड वाहतूक हिवाळ्यासाठी राखून ठेवलेली असे, कारण दाबलेल्या बर्फावर तोच घोडा कितीतरी जास्त ओझं ओढू शकत असे. प्रवासाचा वाईट हंगाम म्हणजे बर्फ वितळून चिखल होणारा मार्च-एप्रिल. घरापुरती तयारी होती, नाही असं नाही. सरपण रचायचं, तळघरात कंदमुळं साठवायची, घराच्या पायाला बाहेरून पाला, गवताचा पेंढा किंवा स्प्रूसच्या फांद्या लावून थंड वारा अडवायचा. ही तयारी घराभोवती होती. घरापासून रस्त्यापर्यंतची जमीन उघडी काळी राहिली पाहिजे, अशी अपेक्षा तिच्यात कुठेही नव्हती.

शहरांत बर्फ हटवण्याची गरज लवकर भासली. मिलवॉकीत १८६०च्या दशकातच घोड्यांचे बर्फनांगर चालत होते. ट्रामचे रूळ मोकळे ठेवायला कंपन्या मीठ टाकत, तेव्हा स्लेज हाकणारे चिडत, कारण त्यांची वाट त्या मिठाने नासे आणि घोड्यांचे खूर बिघडत. मार्च १८८८च्या हिमवादळात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर चारशेवर माणसं दगावली, उन्नत मार्गांवरच्या गाड्या जागीच अडकल्या, आणि त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये तारा जमिनीखाली नेण्याच्या आणि भुयारी रेल्वेच्या मागणीला जोर आला. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. बर्फाचा प्रश्न कोणाचा, याचं उत्तर शहर, ट्राम कंपनी किंवा रेल्वे असं होतं. रेल्वेसाठी फिरत्या पात्याचा नांगर कॅनडात १८८०च्या दशकात तयार झाला तोही याच संस्थांसाठी. सामान्य माणसाने असं यंत्र घरी ठेवावं हे कोणाच्या मनातही आलं नसावं.

मोटार आल्याबरोबर हे चित्र पालटलं नाही. सुरुवातीच्या बहुतेक गाड्या उघड्या होत्या. १९१९मध्ये अमेरिकेत बनणाऱ्या दहा गाड्यांपैकी जेमतेम एक बंदिस्त होती. थंड प्रदेशातले मालक डिसेंबरात रेडिएटर रिकामा करत, गाडी ठोकळ्यांवर चढवत आणि वसंताची वाट पाहत. दहा वर्षांत हे प्रमाण उलटलं आणि दहातल्या नऊ गाड्या बंदिस्त झाल्या. १९२७मध्ये प्रेस्टोन हे ग्लायकॉलचं गोठणरोधक बाजारात आलं आणि इंजिनातलं पाणी गोठण्याची भीती कमी झाली. त्याच सुमारास क्यूबेकमध्ये आर्थर सिकार्ड याने धान्य मळणीच्या यंत्रावरून सुचलेला स्वयंचलित स्नोब्लोअर बांधला आणि मॉन्ट्रियललगतच्या उत्रमाँ नगराला विकला. गिऱ्हाईक अजून नगरपालिकाच होती. निर्णायक बदल केला तो मिठाने. न्यू हॅम्पशायरने १९३८मध्ये रस्त्यांवर मिठाचा प्रयोग केला. १९४१-४२च्या हिवाळ्यात साऱ्या अमेरिकेतल्या महामार्गांवर मिळून सुमारे ५००० टन मीठ पडलं. आज तिथे वर्षाला २ कोटी टनांच्या आसपास मीठ टाकलं जातं. या दोन आकड्यांच्या मध्ये अपेक्षेचा एक संपूर्ण पालट आहे. रस्ता दाबलेला पांढरा असला तरी चालतो, ही समजूत गेली आणि बारा महिने डांबर दिसलंच पाहिजे, ही आली. महामार्ग एकदा काळा झाला की गल्ली काळी हवी, आणि गल्ली काळी झाली की गॅरेजच्या दारापर्यंतचा तुकडाही काळा हवा.

हा तुकडा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उपनगराने दिला. १९२०च्या दशकात गॅरेज बहुधा घराच्या मागे, वेगळं, मागच्या गल्लीवर तोंड असलेलं असे. युद्धानंतर ते पुढे आलं आणि घराला चिकटलं. लाँग आयलंडवरच्या लेव्हिटाउनच्या पहिल्या घरांना गॅरेज नव्हतं, पण ट्राम किंवा रेल्वे स्थानकाच्या पायी अंतरावर नसलेल्या अशा वसाहतींत नोकरी, शाळा, दुकान सगळं मोटारीवर अवलंबून राहिलं. १९५६च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांना पैसा मिळाला आणि शहरं आणखी पसरली. आता यंत्रांच्या तारखा याच्याशेजारी ठेवून पाहाव्यात. टोरो कंपनीने मागून चालत ढकलायचा घरगुती स्नोब्लोअर १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आणला, आणि विस्कॉन्सिनच्या ब्रिलियन गावातली एरियन्स कंपनी १९६०मध्ये या धंद्यात उतरली. फिरत्या पात्याचं तंत्र तेव्हा सत्तर-ऐंशी वर्षं जुनं झालेलं होतं. इतकी वर्षं ते घरात शिरलं नाही, कारण घराला त्याची गरजच नव्हती. गरज ड्राइव्हवेबरोबर जन्माला आली. १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर शिकागो, डेट्रॉइट, न्यू जर्सीत मराठी इंजिनिअर आणि डॉक्टरांची कुटुंबं स्थिरावली, तोवर हा रिवाज पूर्ण आकाराला आला होता. कोकणातलं घर पावसाआधी शाकारतात तशीच ही तिथली परंपरागत रीत आहे, असं एखाद्या नव्या घरमालकाला वाटलं असेल तर नवल नाही. शाकारणी मात्र खरोखर जुनी आहे, आणि ड्राइव्हवेची ही रीत त्या वेळी एका पिढीचीही नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की माणसं फावडी तर पूर्वीपासून मारत आली आहेत. दारापासून गोठ्यापर्यंत वाट काढायची, छपरावरचा भार उतरवायचा, हे शेतकऱ्याला चुकलं नव्हतं. आणि घरासमोरचा पदपथ मालकाने साफ करावा असे नियम अमेरिकेतल्या शहरांनी एकोणिसाव्या शतकातच केले होते. हे खरं आहे, आणि माझ्या युक्तिवादाला त्याची दखल घ्यावीच लागेल. पण प्रमाणाकडे पाहावं. माणसाला चालायला दोन-अडीच फुटांची वाट पुरते. दोन गाड्यांचा ड्राइव्हवे ६ मीटर रुंद आणि १२ मीटर लांब धरला, तर २० सेंटिमीटर बर्फात तिथे साडेचौदा घनमीटरच्या आसपास बर्फ साचतो. ताजा, कोरडा बर्फ घनमीटरला १०० किलो धरला तरी वजन दीड टनाच्या जवळ जातं, आणि ओला असेल तर कितीतरी जास्त. हे काम पहाटे, कामावर निघण्याआधी, संपलं पाहिजे. शेतकऱ्याच्या वाटेला ही घड्याळाची घाई नव्हती. पदपथाच्या नियमांत निदान वाटसरूचा विचार होता. ड्राइव्हवे साफ केल्याने फक्त एका घराची एक-दोन वाहनं बाहेर पडतात.

यंत्राने हे श्रम हलके केले, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्नोब्लोअर नसता तर आज कित्येक वृद्धांना आपलं घर सोडावं लागलं असतं हे मला मान्य आहे. पण यंत्र आलं म्हणूनच ड्राइव्हवे आणखी रुंद करता आले, तीन गाड्यांचं गॅरेज परवडलं, आणि जे श्रम यंत्राने वाचवले ते क्षेत्रफळाने परत मागून घेतले. घरगुती यंत्रांनी गृहिणीचं काम कमी होण्याऐवजी वाढत कसं गेलं, हे रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३च्या आपल्या पुस्तकात दाखवलं आहे. ड्राइव्हवेची गोष्ट त्याच जातीची आहे. फावड्याची किंमतही मोजलेली आहे. १९९५मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या एका लहान अभ्यासात, व्यायामाची सवय नसलेल्या निरोगी पुरुषांच्या हृदयाचे ठोके जड बर्फ उपसताना दोनच मिनिटांत सुरक्षित मानलेल्या मर्यादेपलीकडे गेले. क्यूबेकमधल्या १९८१ ते २०१४ या काळातल्या नोंदी तपासणाऱ्या दुसऱ्या अभ्यासात मोठ्या हिमवर्षावाच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांत हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसले. स्त्रियांत तशी वाढ दिसली नाही. ही माणसं बर्फात हरवून किंवा गारठून दगावलेली नाहीत. ती बहुधा आपल्याच दारात, गाडी बाहेर काढण्याच्या खटपटीत कोसळतात, आणि तरी त्यांची मोजदाद रस्तेसफाईच्या खर्चात कधी होत नाही.

उरतो तो मालकीचा आक्षेप. जमीन माझी, तर तिच्यावरचा बर्फही माझा, यात अन्याय कसला? इथे कायद्याचा इतिहास उपयोगी पडतो. मॅसॅच्युसेट्समध्ये एकोणिसाव्या शतकापासून असा सिद्धान्त चालत आला होता की नैसर्गिकपणे साचलेल्या बर्फावरून कोणी घसरलं तर जागेच्या मालकाला जबाबदार धरता येत नाही. बर्फ हे निसर्गाचं काम, मालकाचा दोष नव्हे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेद २०१०मध्ये रद्द केला आणि बर्फालाही जागेवरच्या इतर कोणत्याही धोक्याचा नियम लावला. म्हणजे दारातला बर्फ मालकाचा, ही समजूत त्या राज्याच्या कायद्यात पुरती उतरायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. जपानच्या जोएत्सु शहरातल्या ताकादा भागात याहून वेगळी रीत कित्येक पिढ्या चालली आहे. तिथे प्रत्येक घर आपल्या पुढच्या जागेवर छप्पर वाढवतं. अशी छपरं एकाला एक लागून बर्फाच्या दिवसांत सगळ्या गावाला चालायला आडोशाची वाट तयार होते. जमीन खाजगी, वापर सगळ्यांचा. मॉन्ट्रियल रस्त्यांवरचा बर्फ नुसता बाजूला ढकलून थांबत नाही. तो ट्रकांत भरून फ्रँकॉनच्या जुन्या दगडखाणीसारख्या ठिकाणी नेऊन टाकतं, आणि त्याचे पैसे करांतून मोजतं.

याच संदर्भात त्या बांधाचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं, जो नगरपालिकेचा नांगर जाताजाता प्रत्येक ड्राइव्हवेच्या तोंडाशी सोडतो. घरमालकाने पहाटे साफ केलेली जागा नांगर गेल्यावर गुडघाभर, दाबल्या गेलेल्या, जड बर्फाने पुन्हा बंद होते. घरगुती यंत्रं जास्तीत जास्त दमतात ती इथेच. हा बर्फ घरमालकाच्या जमिनीवर पडलेला नाही. सार्वजनिक रस्ता साफ करताना तो तिथे आणून टाकला जातो. बहुतेक गावं म्हणतात की दुसरा उपाय नाही, प्रत्येक घरापाशी थांबायला पैसा कुठून आणायचा? टोरोंटोच्या उत्तरेचं नॉर्थ यॉर्क वेगळं शहर होतं, तेव्हा तिथल्या पालिकेने नांगरामागून दुसरं यंत्र पाठवून हे बांध काढायची सेवा सुरू केली. १९९८मध्ये नॉर्थ यॉर्क टोरोंटोत विलीन झालं तरी नागरिकांनी ती सोडली नाही, आणि आजही टोरोंटोच्या बाहेरच्या भागांत ती मिळते. मधल्या जुन्या भागातले रस्ते अरुंद आहेत, कडेला गाड्या उभ्या असतात, म्हणून तिथे ती नाही. या सेवेला खर्च येतो आणि तो पालिकेच्या अंदाजपत्रकात दिसतो. जिथे ती नाही, तिथेही खर्च होतच असतो. फक्त तो हजारो गॅरेजांत विखुरलेला असतो: यंत्राच्या किमतीत, कंत्राटदाराच्या बिलात, मिठाच्या पोत्यांत आणि सत्तरीतल्या माणसाच्या पहाटेच्या दोन तासांत. हिवाळी सफाईचा खर्च ठरवताना नगरपालिकांनी हा आकडाही मांडला पाहिजे, आणि तो मांडल्याशिवाय बांध काढणं परवडत नाही असं म्हणू नये.