पर्जन्याचे दप्तर

तालुक्याच्या गावी जुन्या मामलेदार कचेरीच्या आवारात, वडापिंपळांची छाया आणि कौलांची पागोळी या दोहोंपासून बुद्ध्याच दूर राखलेल्या मोकळ्या जागी, लहानशा कुंपणाच्या आत एक जस्ती नळकांडे उभे असे. त्याचे तोंड पाच इंच व्यासाचे, आणि उंची जमिनीपासून जेमतेम फूटभर. रोज सकाळी आठाच्या सुमारास, जमाबंदीचे व तगाईचे कागद उघडण्यापूर्वी, कचेरीतला एखादा कारकून छत्री सावरीत तेथवर जाई, नरसाळे उचलून आतली बाटली बाहेर काढी, तिच्यातले पाणी खुणा कोरलेल्या काचेच्या मापात ओती, माप सपाट जागी ठेवून आपली नजर पाण्याच्या पातळीशी आणी, आणि काचेला बिलगून वर चढलेली कड सोडून मधल्या खोलगट भागाशी जो आकडा येईल तो इंच व सेंट यांत वहीत उतरवी. ज्या दिवशी आभाळ कोरडे गेले त्या दिवशीच्या रकान्यातही एक शब्द पडे : निरंक.

या नित्यकर्माला कोणी विद्या म्हटले नाही. परंतु हवामान बदलत आहे की नाही, आणि बदलत असेल तर किती, या आजच्या सर्वांत जड प्रश्नाचे उत्तर भारतापुरते तरी अशा हजारो वह्यांवरच उभे आहे. त्या वह्यांचा इतिहास पाहू जाता एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते : नोंद करणाऱ्याला तिचा खरा वाचक कोण हे कधीच ठाऊक नसते, म्हणून ती नोंद अज्ञात वाचकापर्यंत पोहोचेल अशी मोकळी ठेवणे हे मोजण्याच्या कर्तव्याचेच उत्तरांग होय.

पाऊस मोजण्याची कल्पना या देशात परकीय नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागारापुढे हातभर रुंद तोंडाचे कुंड पर्जन्यमापनासाठी ठेवावे अशी आज्ञा आहे, आणि कोरड्या प्रदेशाला सोळा द्रोण, अवंतीला तेवीस द्रोण असे पावसाचे प्रमाण नमूद करून अपरान्ताचा, म्हणजे आपल्या कोकणचा, पाऊस मोजमापापलीकडचा म्हणून सांगितला आहे. परंतु ते कुंड राजाच्या कोठाराशी होते. कोणत्या भूमीत कोणते बीज पेरावे व राजभाग किती पडेल, एवढ्यासाठीच त्या मापाचा उपयोग अभिप्रेत होता. त्याचा दाखला मागण्याचा अधिकार कुणब्याला होता असे तो ग्रंथ कोठेही सुचवीत नाही. शेतकऱ्याच्या वाट्याला आले ते पंचांगातले मृग-आर्द्राचे वाहन आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे अनुभवसिद्ध ठोकताळे.

इंग्रजी अमदानीत मोजमापाची जी नवी परंपरा सुरू झाली तिचे आद्यपीठ मुंबईच्या कुलाबा बेटावर आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली तेथे वेधशाळा बांधली, आणि १८४१ पासून चुंबकीय व हवामानविषयक निरीक्षणे नियमाने होऊ लागली. या निरीक्षणांचे जाडजूड खंड छापून देशोदेशीच्या संस्थांकडे पाठविण्याची प्रथा पडली, आणि त्या प्रथेचे फळ किती दूर पिकावे याचे एक उदाहरण विस्मयकारक आहे. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील एका महाक्षोभाने पृथ्वीचे चुंबकत्व हादरले, तेव्हा कुलाब्याच्या निरीक्षकांनी चुंबकीय क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकाची विलक्षण घसरण शांतपणे टिपून ठेवली. पुढे शंभराहून अधिक वर्षे ते पान ग्रंथालयात पडून राहिले, आणि २००३ साली ते उघडून भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी ती घसरण सुमारे १,६०० नॅनोटेस्ला होती असे दाखवून दिले. विजेच्या ट्रामचे प्रवाह उपकरणांना बाधतील म्हणून पुढे चुंबकीय कार्य अलिबागला नेण्यात आले. मात्र पाऊस मोजण्याचे काम कुलाब्यालाच राहिले, आणि तेथील पर्जन्यमालिका देशातील सर्वांत दीर्घ मालिकांपैकी एक आहे.

एकेका ठिकाणची नोंद कितीही चोख असली तरी ती शेजारच्या नोंदीशी ताडून पाहता येईल तेव्हाच बोलू लागते. १८६४ चे कलकत्त्याचे प्रलयंकर चक्रीवादळ आणि त्यानंतरची पावसाची हुलकावणी यांनी सरकारला हे शिकविले. प्रांतोप्रांतीची उपकरणे निराळी, वाचनाच्या वेळा निराळ्या, कागदाचे नमुने निराळे, अशा बजबजपुरीतून सुसूत्र व्यवस्था निर्माण करण्यासाठी १८७५ साली अखिल भारतीय हवामानखाते स्थापन झाले व हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. तालुक्याच्या कारकुनाला ज्या नियमांनी बांधून घातले, ते नियम याच काळातले आहेत. पुढे त्याने लिहिलेले आकडे जिल्ह्याकडून मुंबईस जात, सरकारी गॅझेटात छापले जात, आणि कॅम्बेलसाहेबांनी संपादिलेल्या जिल्हा गॅझेटियरांत तालुकावार कोष्टकांत बसत.

खाते स्थापन होते न होते तोच १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ दख्खनवर कोसळला. सोलापूर, नगर, सातारा, पुणे या जिल्ह्यांत काय चालले आहे याची खबर केवळ हुजुरातीच्या अहवालांवर सोपवून न देता पुण्याच्या सार्वजनिक सभेने आपले प्रतिनिधी गावोगाव धाडले, धान्याचे भाव, पिकांची स्थिती, गुरांची दैना व लोकांचे देशांतर यांचे दाखले गोळा केले, आणि ती वृत्ते सरकारला सादर करून शिवाय प्रसिद्धही केली. सार्वजनिक काका व न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळीने दाखवून दिले की, जमिनीवरची वस्तुस्थिती मोजण्याचा व ती सर्वांसमोर मांडण्याचा अधिकार रयतेलाही आहे. १८९६ च्या दुष्काळात हीच परंपरा टिळकांच्या काळातील सभेने पुढे नेली : दुष्काळ-संहिता मराठीत आणून ती शेतकऱ्यांत वाटली, जेणेकरून पीक बुडाले असता सूट-तहकुबी मागण्याचा आपला हक्क कुणब्याला आपल्याच भाषेत वाचता यावा. सरकारला हे मानवले नाही आणि १८९७ साली सभेची मान्यता काढून घेण्यात आली. सरकारी कागद जोवर कचेरीतल्या बासनात बांधलेला असतो तोवर तो राज्यकर्त्यांचे साधन असतो, आणि लोकांच्या हाती आला म्हणजे तोच त्यांचा आधार बनतो, हे दोन्ही पक्षांना तेव्हा पुरते उमगले होते.

दुष्काळाच्या त्याच वर्षांनी ब्लॅनफर्डला दुसराही एक धडा दिला. भारतात वायुभार नेहमीपेक्षा अधिक आहे असे त्याच्या ध्यानात आले, आणि हे केवळ भारतापुरतेच आहे काय हे जाणून घेण्यासाठी त्याने इतर देशांच्या निरीक्षणांचा मागोवा घेतला. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडच्या चार्ल्स टॉड यांनाही पुढे असे दिसले की, भारत व ऑस्ट्रेलिया येथील अवर्षणे बहुधा एकाच वेळी पडतात. या धाग्याचा पट विणला तो गिल्बर्ट वॉकर यांनी. १९०४ ते १९२४ या काळात खात्याचे प्रमुख असलेल्या या केंब्रिजच्या गणितज्ञाने नाईलचे पूर, डार्विन बंदराचा वायुभार, दक्षिण अमेरिकेतील निरीक्षणे अशी जगभरची कोष्टके सिमल्याला मागविली, आणि गणकयंत्रे नव्हती त्या दिवसांत भारतीय कारकुनांच्या हातून त्यांचे परस्परसंबंध काढवून घेतले. त्यातूनच पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील वायुभाराची जी विशाल हेलकावणी लक्षात आली, तिला त्यांनी १९२४ मध्ये ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. एल निनोचा आज आपण जो उल्लेख वर्तमानपत्रांत रोज वाचतो, त्याच्या ज्ञानाचा एक पाया हा आहे. आणि डार्विनच्या अधिकाऱ्याने आपली वही कुलूपबंद ठेविली असती तर हा पाया घालताच आला नसता. १९२७ साली स्मिथसोनियन संस्थेने जगातील हवामाननोंदींचा संग्रह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला तोही याच उदार वृत्तीचा वारसा होय. पुढल्याच वर्षी खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरची ती दगडी इमारत पुणेकर अद्यापही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात.

पुण्यातच कारकुनांच्या परिश्रमाचे सोने झाले. १९६२ साली स्थापन झालेल्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत संशोधकांनी देशभरची ३०६ विश्वसनीय केंद्रे निवडली, १८७१ पासूनच्या त्यांच्या नोंदी तपासून एकसूत्र केल्या, आणि भारताच्या मान्सूनची मासिक मालिका सिद्ध करून जगातील कोणाही अभ्यासकाला ती उपलब्ध करून दिली. त्यानंतर हवामानखात्याने १९५१ पासूनच्या दैनिक पावसाची चौकोनवार मांडणी केली, तिला १,८०३ केंद्रांचा आधार होता. या मांडणीच्या बळावर २००६ साली भू. ना. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, मध्य भारतात पावसाळ्याची एकूण बेरीज फारशी हललेली नसली तरी अतिवृष्टीचे दिवस वाढत आहेत आणि मध्यम पावसाचे दिवस घटत आहेत. मोसमी सरासरीच्या आड लपलेले हे सत्य दैनंदिन नोंदींवाचून कोणाच्याही हाती लागले नसते.

नोंदींची केंद्रे एकमेकांच्या जवळ नसली तर काय होते हे मुंबईने २६ जुलै २००५ ला भोगले. सांताक्रुझ केंद्रावर चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि त्याच अवधीत कुलाब्यावर मात्र पाऊणशे मिलिमीटरही भरले नाहीत. एकाच नगराच्या दोन टोकांमधील या अंतरात मिठी नदीने वस्त्या गिळल्या व शेकडो माणसे दगावली. नंतर महानगरपालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले. राज्यातही महसूल मंडळवार ‘महावेध’ची हवामानकेंद्रे उभी राहिली, आणि ज्या आकड्यावर पीकविम्याचा व नुकसानभरपाईचा निकाल ठरतो तो आकडा आज प्रत्येक मंडळातून येतो.

मध्यंतरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही देशांनी हवामानाच्या नोंदी विकण्याची चाल पाडली होती. १९९५ साली जागतिक हवामान संघटनेने मुक्त विनिमयाचा ठराव करून तिला मर्यादा घातली, आणि २०२१ साली हवेबरोबरच जल, सागर व हिम यांचीही निरीक्षणे एका सूत्रात आणणारे धोरण स्वीकारले. भारतानेही २०१२ मध्ये राष्ट्रीय डेटा-वाटप धोरण जाहीर केले. पावसाचा थेंब देशादेशांच्या शिवा ओलांडून येतो, तेव्हा त्याच्या हिशेबालाही शीव नसावी, हे न्याय्यच आहे. तथापि ठराव कागदावर व आकडा संकेतस्थळावर आला एवढ्याने कार्य संपत नाही. ज्याच्या शेतात तो पाऊस पडला त्याला त्या आकड्याचा अर्थ आपल्या शब्दांत लावता आला पाहिजे, जसा दुष्काळ-संहितेचा अर्थ मराठीत आल्यावरच कुणब्याला लागला होता.

या दृष्टीने अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. त्या अवर्षणप्रवण गावात यंदा किती पाऊस पडला हे गावकरी स्वतः मोजतात, त्यावरून गावाला उपलब्ध झालेल्या पाण्याचा ताळेबंद मांडतात, आणि तो ग्रामसभेत उघडपणे वाचून माणसांना व गुरांना किती, शेताला किती, आणि अशा पाण्यावर कोणते पीक घ्यावे व कोणते टाळावे याचा निर्णय सर्वांच्या समक्ष करतात. कौटिल्याचे कुंड राजाच्या कोठाराशी होते; येथे त्याच मापाचा हिशेब ग्रामसभेपुढे येतो. दोन सहस्र वर्षांच्या या प्रवासाचे श्रेय छत्री सावरीत पाणी ओतून पाहणाऱ्या त्या अनामिक कारकुनांनाही द्यावे लागते, कारण त्यांनी पावसाच्या दिवशी आकडा लिहिला आणि कोरड्या दिवशी निरंक लिहिले. रकाना रिकामा टाकला असता तर आपल्या वाट्याला अज्ञान आले असते. निरंक लिहिले म्हणून त्या दिवशी पाऊस पडला नाही, एवढे तरी आपण आज खात्रीने जाणतो. ते जाणण्याचा अधिकार ज्यांच्या शेतावर ते कोरडे आभाळ होते त्यांचाच पहिला आहे.