चौकातल्या ‘राण्या’ आणि नदीकाठचे ताट

१/ अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ हे पर्यटकांचे आवडते शहर. नदीच्या काठाने रंगीबेरंगी छत्र्यांखाली टेबले मांडलेली असतात. आपण बसतो न बसतो तोच मक्याच्या कुरकुरीत तुकड्यांची टोपली आणि साल्सा समोर येतो. मागाहून एका मोठ्या ताटात एन्चिलादा, तमाले, लालसर भात आणि घोटलेला घेवडा. सारे इतके सहज की त्याला इतिहास असेल असे वाटतही नाही. आजचा धागा या ताटाविषयी, आणि ते प्रथम ज्यांनी वाढले त्या स्त्रियांविषयी.

२/ प्रथम शहर समजून घेऊ. १७१८ मध्ये स्पॅनिश मिशनरी व सैनिकांनी येथे वसाहत स्थापन केली. १८२१ मध्ये स्वतंत्र झालेल्या मेक्सिकोचा हा भाग बनला. १८३६ मध्ये, अलामोच्या प्रसिद्ध लढाईच्या वर्षी, टेक्सास मेक्सिकोपासून फुटून निघाले आणि १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झाले. म्हणजे येथील अनेक मेक्सिकन घराणी स्थलांतर करून अमेरिकेत आलेली नव्हती. ती आपल्या जागीच राहिली. देश तेवढा बदलला.

३/ आता ताटाकडे वळू. त्याचा पाया मका. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवायचे, साले काढायची, मग दगडी ‘मेताते’वर वाटून पीठ सिद्ध करायचे. मेताते म्हणजे जवळपास आपला पाटा-वरवंटाच. चुन्याच्या प्रक्रियेमुळे मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. प्राचीन मेसोअमेरिकेपासून चालत आलेले हे ज्ञान, आणि त्यामागचे तासन् तास गुडघ्यांवर बसून केलेले श्रम, प्रामुख्याने स्त्रियांचे होते.

४/ आणि मिरची? तीही मूळची तिकडचीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत ती गोव्यात उतरली आणि कालांतराने आपल्या स्वयंपाकघरात अशी रुळली की तिचे परकेपण आपण विसरलो. जिऱ्याचा प्रवास उलट दिशेचा: जुन्या जगातून स्पॅनिशांसोबत अमेरिकेत. सॅन अँटोनिओच्या रश्शात मिरची आणि जिरे एकत्र आले. मराठी माणसाला त्या वाटीतला वास ओळखीचा वाटला, तर त्यात नवल नाही.

५/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा रस्सा उपाहारगृहात नव्हे, चौकात मिळे. दिवस मावळला की मिलिटरी प्लाझा या चौकात मेक्सिकन कुटुंबे गाड्यांतून भांडी, बाके व लांब टेबले घेऊन येत. कंदील लागत, मेस्किट लाकडाच्या विस्तवावर ‘चिली कॉन कार्ने’, म्हणजे मिरचीच्या दाट रश्शातले मांस, रटरटू लागे. गाडीवान, सैनिक, मजूर आणि शेठ-सावकार एकाच बाकावर बसून जेवत. पहाटे सारे आवरून चौक पुन्हा मोकळा होई.

६/ १८७७ मध्ये रेल्वे आली आणि तिच्याबरोबर पर्यटक आले. प्रवासवर्णनांत, वृत्तपत्रांत या स्त्रियांचा उल्लेख ‘चिली क्वीन’, म्हणजे मिरचीच्या राण्या, असा होऊ लागला. कादंबरीकार स्टीफन क्रेन १८९५ मध्ये येथे आला; त्यानेही या चौकांतील जहाल जेवणाविषयी लिहिले. शहर पाहायला आलेल्याने रात्री चौकात जेवायचे, ही जणू रीतच पडली.

७/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे. ‘राणी’ हा किताब त्या स्त्रियांनी घेतलेला नव्हता, तो पाहुण्यांनी दिलेला होता. त्यांच्याविषयी उपलब्ध असलेले बहुतेक लेखन पर्यटकांचे, पत्रकारांचे किंवा अधिकाऱ्यांचे आहे. त्यांत डोळ्यांचे, केसांचे, लाडिक बोलण्याचे वर्णन भरपूर. पण पहाटे भांडी घासणारे हात क्वचितच दिसतात. साधने कोणाच्या नजरेने लिहिली गेली, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा लागतो.

८/ राणीपद असे होते, पण चौकावर हक्क नव्हता. १८८९ च्या सुमारास मिलिटरी प्लाझाच्या मधोमध नव्या नगरभवनाचे बांधकाम सुरू झाले आणि विक्रेत्या स्त्रियांना दुसऱ्या चौकांत सरकावे लागले. पुढील अर्धशतक हेच चालले. शहराला जागा हवी झाली की त्यांनी उठायचे आणि नव्या ठिकाणी पुन्हा विस्तव पेटवायचा.

९/ दरम्यान चव मात्र चौकाबाहेर पडली होती. जवळच्या न्यू ब्राउनफेल्स गावातील जर्मन वंशाचा व्यावसायिक विल्यम गेबहार्ट याने १८९० च्या दशकात मिरची वाळवून, दळून, मसाले घालून तयार पूड बाजारात आणली. पुढे त्याचा कारखाना सॅन अँटोनिओत उभा राहिला. जी चव मिळवण्यासाठी त्या स्त्रीसमोर बाकावर बसावे लागे, ती आता बाटलीत मिळू लागली.

१०/ १९०० मध्ये शिकागोहून आलेल्या ऑटिस फार्न्सवर्थ याने लोसोया रस्त्यावर ‘ओरिजिनल मेक्सिकन रेस्टॉरंट’ उघडले. ‘ओरिजिनल’ म्हणजे अस्सल, मूळचे! पदार्थ ओळखीचेच, पण छत पक्के, टेबलावर स्वच्छ कापड, आणि पुरुष गिऱ्हाइकांनी कोट घालून यावे असा शिरस्ता. अनेक पदार्थ एकाच ताटात ठरावीक दराने देण्याच्या पद्धतीचे श्रेयही बहुधा त्यालाच दिले जाते. नदीकाठी आपल्यासमोर आलेल्या ताटाचा पूर्वज तो हा.

११/ १९३० च्या दशकात मंदी आली. शहराच्या पश्चिम भागातील मेक्सिकन वस्त्यांत दाटीवाटीची घरे, अपुरे पाणी आणि क्षयाचे थैमान होते. ३१ जानेवारी १९३८ रोजी पेकान हे अक्रोडासारखे फळ सोलणाऱ्या सुमारे १२,००० कामगारांनी मजुरीकपातीविरुद्ध संप पुकारला. त्यांत बहुसंख्य मेक्सिकन स्त्रिया होत्या. त्यांचे नेतृत्व करणारी एम्मा तेनायुका अवघी २१ वर्षांची होती.

१२/ याच काळात, १९३७ मध्ये, आरोग्याच्या कारणास्तव चौकातील मिरचीची दुकाने बंद करण्याचा आदेश निघाला. १९३९ मध्ये महापौर मॉरी मॅव्हरिक यांनी त्यांना पुन्हा परवानगी दिली. पण नियम कडक होत गेले आणि १९४३ मध्ये हा व्यवसाय कायमचा संपला. उघड्यावरील अन्नाविषयीची चिंता सर्वस्वी खोटी नव्हती. परंतु रोगाचे मूळ ज्या घरांत आणि ज्या मजुरीत होते, त्यांपेक्षा चौकातील विस्तव विझवणे सोपे होते. इतिहासकार जेफ्री पिल्चर यांनी आपल्या अभ्यासनिबंधाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला आहे: या राण्यांना हाकलले कोणी?

१३/ आता योगायोग पाहा. १९२१ च्या महापुरानंतर नदी आवरण्याच्या योजना आखल्या जात होत्या. वास्तुविशारद रॉबर्ट हगमन याने १९२९ मध्ये काठाच्या सुशोभनाची कल्पना मांडली. ती १९३९ ते १९४१ या काळात सरकारी रोजगार योजनेतून प्रत्यक्षात आली. १९४६ मध्ये तेथे ‘कासा रिओ’ हे मेक्सिकन उपाहारगृह उघडले. मालक आल्फ्रेड बायर. चौकातील उघड्यावरचे जेवण बंद होऊन तीन वर्षे झाली होती. नदीकाठी उघड्यावर जेवणे हे मात्र शहराचे आकर्षण होऊ लागले.

१४/ ताटात नवी भर पडतच राहिली. नाचोज हा पदार्थ १९४० च्या दशकाच्या आरंभी सीमेपलीकडील पिएद्रास नेग्रास गावात इग्नासिओ अनाया याने केला. ‘नाचो’ हे त्याचेच लाडके नाव. बर्फाळ मार्गारिटाचे यंत्र १९७१ मध्ये डॅलसच्या मारिआनो मार्तिनेझ याने आइस्क्रीमच्या यंत्रापासून घडवले. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. या दोघांची नावे टिकली. चौकातील बहुतेक स्त्रियांना मात्र आपण ‘राणी’ या एकाच नावाने ओळखतो.

१५/ १९७२ मध्ये डायना केनेडी यांचे मेक्सिकन पाककलेवरील गाजलेले पुस्तक आले आणि ‘खरे’ मेक्सिकन अन्न वेगळे, टेक्सासमधले वेगळे, हा भेद रूढ झाला. तेव्हापासून पर्यटक विचारतो, ‘हे अस्सल आहे का?’ मला हा प्रश्न अपुरा वाटतो. टेक्सासच्या मेक्सिकनांचे अन्नही त्यांचे स्वतःचेच होते. अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की, या चवीवर पैसा कोणी मिळवला आणि जागा कोणाला नाकारली गेली?

१६/ अर्थात सगळ्यांनाच उठावे लागले असे नाही. १९४१ मध्ये पेद्रो व क्रूस कोर्तेझ या दांपत्याने बाजारपेठेत तीन टेबलांचे ‘मी तिएर्रा’ सुरू केले. भल्या पहाटे माल घेऊन येणारे शेतकरी हे त्यांचे गिऱ्हाईक. ‘मी तिएर्रा’ म्हणजे ‘माझी भूमी’. ते आजही त्याच कुटुंबाकडे आहे आणि पर्यटकांनी भरलेले असते.

१७/ १९७७ मध्ये टेक्सासने ‘चिली’ला अधिकृत राज्यपदार्थ घोषित केले. चौकातील शेवटचा विस्तव विझून तेव्हा ३४ वर्षे झाली होती. पदार्थाला मान मिळाला. तो रांधणाऱ्यांना मात्र शहरात हक्काची एक जागा मिळाली नव्हती. पर्यटनस्थळी ‘इथली खास’ म्हणून थाळी समोर येईल, तेव्हा ती चवीने खावीच. पण ती आधी कोठे मिळत होती आणि कोण वाढत होते, एवढे अवश्य विचारावे. तुमच्या पाहण्यात अशी एखादी थाळी असेल, तर तिची गोष्ट खाली जरूर लिहा.