कडकनाथचा कळप सुधारायचा कसा? निवड पैदास म्हणजे काय, सोप्या शब्दांत

आखाड आला की खुराड्यातला सगळ्यात वजनदार कोंबडा आधी जातो. त्याला भावही चांगला मिळतो. मागे उरतो तो किरकोळ कोंबडा, आणि पुढच्या सगळ्या पिल्लांचा बाप तोच ठरतो. दरवर्षी असंच होत गेलं, तर पिढी-दर-पिढी कळप लहानखुरा होत जातो. खाद्य तेच, जागा तीच, तरी 'पूर्वीसारखी कोंबडी राहिली नाही' अशी तक्रार सुरू होते.

निवड पैदास म्हणजे याच्या अगदी उलट करणं. जे पक्षी सर्वात चांगले, ते विकायचे नाहीत, त्यांच्यापासून पिल्लं घ्यायची. हे कसं चालतं, ते कडकनाथच्या उदाहरणातून पाहू.

कडकनाथ मूळचा कुठला?

मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूर भागातला. भिल्ल आणि भिलाला समाजाने ही जात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. काळ्या मांसामुळे तिला 'कालामासी' असंही म्हणतात. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. मोठा कोंबडा साधारण दीड ते दोन किलो, कोंबडी त्याहून हलकी. अंडी मात्र वर्षाला जेमतेम ८०-१००.

महाराष्ट्रातही अनेकांनी कडकनाथ पाळायला घेतला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ पालनाच्या नावाखाली गुंतवणूकदारांची फसवणूक झाल्याचं प्रकरण राज्यभर गाजलं.

काळी म्हणजे शुद्ध?

नाही. कडकनाथची कातडी, मांस, हाडं काळी दिसण्यामागे एक जनुकीय बदल आहे. हा बदल प्रभावी आहे, म्हणजे आई किंवा बाप एकाकडून आला तरी परिणाम दिसतो. त्यामुळे गावठी कोंबडीशी संकर झालेली पिल्लंही बऱ्यापैकी काळी निघू शकतात. फक्त रंग बघून पिल्लं घेणारा इथेच फसतो. आणि पक्षी शुद्ध असला, तरी तो वजनाला किंवा अंड्यांना चांगला असेलच असं नाही.

मग निवडायचं कशावरून?

१. एकाच आठवड्यात निघालेल्या पिल्लांच्या पायात रंगीत कड्या घाला. वय आणि खाद्य सारखं असेल, तरच तुलना खरी ठरते.

२. ८व्या आणि १६व्या आठवड्याला प्रत्येकाचं वजन करून वहीत लिहा. डोळ्यांचा अंदाज चुकतो.

३. वाकडी चोच, वाकडी बोटं, छातीचं वाकडं हाड, वारंवार आजारपण असे पक्षी पैदाशीतून बाद करा. ते विकायला हरकत नाही.

४. तलंगा अंड्यावर आल्या की कोण किती अंडी देते याची नोंद ठेवा. कोंबडा अंडी देत नाही, पण अंड्यांचा गुण पुढे नेतो. म्हणून जास्त अंडी देणाऱ्या कोंबडीचा मुलगा निवडायचा.

वजनाचा गुण पिल्लांमध्ये अंड्यांच्या संख्येपेक्षा जास्त ठळकपणे उतरतो, त्यामुळे तिथे फरक लवकर दिसतो. पण फक्त वजनामागे लागलं तर अंडी कमी होऊ शकतात. दोन्ही आकडे एकत्र बघावे लागतात.

सर्वात चांगला एकच कोंबडा ठेवला तर?

इथेच सर्वात मोठी चूक होते. १० कोंबड्यांमागे १ कोंबडा ठेवला, तर सगळी पिल्लं एकमेकांची किमान सावत्र भावंडं होतात. दरवेळी असंच केलं तर प्रत्येक पिढीत अंतःप्रजनन सुमारे १४ टक्क्यांनी वाढतं. त्याच १० कोंबड्यांना ५ कोंबडे असतील, तर हा वेग ४ टक्क्यांच्या खाली येतो. अंतःप्रजनन वाढलं की अंडी कमी उबतात, पिल्लं जास्त मरतात.

सोपा उपाय असा: कळपाचे तीन गट करा. मुली आईच्याच गटात राहतात आणि निवडलेले कोंबडे दरवर्षी पुढच्या गटात जातात. पहिल्याचे दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, तिसऱ्याचे पहिल्यात.

आणखी एक काळजी घ्यावी लागते. कोंबडा वेगळा केला तरी त्याचं बीज कोंबडीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकतं. त्यामुळे आवारात गावठी कोंबडे मोकळे फिरत असतील, तर कोंबड्या वेगळ्या केल्यानंतर तीन आठवडे थांबूनच उबवणीची अंडी गोळा करा. कडकनाथ कोंबडी सहसा खुडूक होत नाही, त्यामुळे तिची अंडी गावठी कोंबडीखाली उबवतात. दोन्ही जाती एकाच अंगणात असल्याने नकळत संकर होण्याचा धोका इथे जास्त असतो.

त्यापेक्षा संकर सोपा नाही का?

वनराजा, गिरिराजा यांसारखे सुधारित पक्षी परसात जास्त अंडी किंवा मांस देतात, ते खरं. पण त्यांच्या पिल्लांमध्ये तेच गुण तितक्याच प्रमाणात टिकत नाहीत. चांगले पक्षी हवे असतील तर पुन्हा विकत आणावे लागतात. शिवाय संकरासाठीसुद्धा कुठेतरी मूळ जात शुद्ध आणि सुदृढ असावी लागते. ती एकदा मिसळून गेली की परत मिळवता येत नाही.

निवड पैदाशीत फळ हळू मिळतं, कारण साधारण वर्षाला एकच पिढी पुढे सरकते. पण तीन-चार वर्षं वही नीट ठेवली, तर फरक आकड्यांत दिसतो आणि तो कळपातच राहतो. लागणारं साहित्यही फार नाही: वजनकाटा, पायातल्या कड्या, एक वही. आणि चांगल्या कोंबड्याला चांगला भाव मिळत असतानाही 'हा विकायचा नाही' असं सांगण्याची तयारी.