रातथाऱ्यावरची शिकार

लुडविग्सहाफेनहून सुमारे ५० किलोमीटरवर, द्राक्षमळ्यांच्या वाटेने गेले की बाड बेर्गत्साबेर्न लागते. इथल्या जंगलात ज्या वर्षी बीचच्या झाडांना बिया भरपूर धरतात, त्या हिवाळ्यात उत्तरेकडून बर्गफिंक पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरतात. पक्षी चिमणीएवढा, इथल्या बोलीत 'बोहेमर'. दिवसभर बिया टिपायच्या आणि संध्याकाळी दाट झाडीत रातथाऱ्याला यायचे. जुने शिकारी ती झाडी हेरून ठेवत. अंधार पडला की मशालीच्या उजेडात लांब फुंकनळीतून मातीची गोळी मारत. बंदूक नाही, म्हणून आवाज नाही. शेजारचा पक्षी आपला झोपलेलाच! आज हा पक्षी संरक्षित आहे. शिकार कधीच थांबली, पण गावाला तिचे कौतुक अजून आहे.

मला आपले फासेपारधी आठवले. तित्तर-लाव्यांसाठी लावलेले त्यांचे फासेही असेच बिनआवाजी. पण इंग्रजांनी १८७१ पासूनच्या कायद्यांनी अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो शिक्का १९५२ साली कागदावरून गेला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारही सुटली (ते योग्यच झाले), पण पोटाचे काय, हे फारसे कोणी विचारले नाही. पारध्यांचे पाल गावाजवळ पडले की लोक आजही बिचकतात.