दाताची कीड : कुणालाच न सापडलेल्या किड्याची गोष्ट



लेकराची दाढ काळी पडली की आपण म्हणतो, "दात किडला." हरभऱ्याला अळी लागते, तांदळात किडे होतात, तशीच दातालाही कीड लागते असं आपण धरून चालतो. पण ही कीड कुणी डोळ्यांनी पाहिली का? आज त्याचीच गोष्ट सांगते.

हा समज फक्त आपलाच नाही. आजच्या इराकमध्ये पूर्वी बाबिलोनचं राज्य होतं. तिथल्या लोकांनी मातीच्या पाट्यांवर दातातल्या किड्याला हाकलायचा मंत्र लिहून ठेवला होता. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून दाढेला धुरी देत आणि "बघा, किडे पडले" म्हणत. इंग्लंडमध्येही दुसऱ्या एका झाडाच्या बियांची अशीच धुरी देत. तिथल्या जॉन जेरार्ड नावाच्या वनस्पती जाणणाऱ्या माणसाने 1597 साली यातली लबाडी लिहून ठेवली. भोंदू लोक वाद्याच्या तारेचे बारीक तुकडे पाण्यात टाकायचे आणि तेच किडे म्हणून दाखवून पैसे घ्यायचे.

पुढे फ्रान्समध्ये पिएर फोशार नावाचे दातांचे वैद्य झाले. त्यांनी किडलेले दात सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहिले. त्यांना किडा सापडला नाही. 1728 साली त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात साखर दातांना वाईट असं बजावलं.

मग दात पोखरतं कोण? याचं उत्तर विलोबी मिलर यांनी शोधलं. ते अमेरिकेचे, पण काम बर्लिनमध्ये करत. त्यांनी काढलेले दात घेतले आणि लाळ व पाव यांच्या मिश्रणात उबदार जागी ठेवले. दात मऊ पडले. तसेच दात लाळ आणि मांसात ठेवले, तर ते मऊ पडले नाहीत. 1890 साली त्यांचं पुस्तक आलं. तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण खाल्लेल्या गोडाचं आणि पिठाचं ते आंबट करतात. ते आंबट दात झिजवतं. लिंबू पिळलं की फरशीवर डाग पडतो ना, तसंच काहीसं.

म्हणजे ओढून काढण्यासारखा किडा दातात नाहीच. मग धुरीनं निघणार तरी काय?

आता आपल्या घराकडे या. 1950 साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे गावोगावी कारखाने झाले, उसानं घरं उभी राहिली, हे खरंच आहे. त्याचबरोबर साखर रोजची झाली. दिवसातून चार वेळा गोड चहा, त्यात बिस्किट, दुकानातल्या गोळ्या. आणि गूळही दाताला गोडच असतो. एकदाच पोटभर गोड खाण्यापेक्षा दिवसभर थोडं थोडं खाणं जास्त वाईट, कारण दर वेळी आंबट नव्यानं तयार होतं.

दाढ ठणकली की आपल्यातल्या कितीतरी जणी मशेरी लावतात. तंबाखूनं तोंड बधिर होतं, खड्डा मात्र आत वाढतच राहतो. तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर केंद्र सरकारने 1992 साली बंदी आणली. पण चुलीवर तवा ठेवून भाजलेल्या मशेरीला कायदा काय करणार? तिच्यामुळे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचं जन्मू शकतं. तवा आपला आहे, तेव्हा बंदीही आपणच घालायची.

आणखी एक शोध सांगते. अमेरिकेत कोलोरॅडो भागात लोकांच्या दातांवर तपकिरी डाग असत, पण ते दात किडत नसत. 1931 साली कारण कळलं : पाण्यातलं फ्लोराईड. ते थोडं असेल तर दात घट्ट राहतात, फार झालं तर डाग पडतात आणि हाडंही दुखावतात. आपल्या यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांच्या पाण्यात ते जास्तच आहे. तिथे पाणी तपासून प्यावं. बाकी ठिकाणी फ्लोराईडची पेस्ट कामाची आहे.

मग करायचं काय? सकाळी आणि रात्री झोपण्याआधी, दोनदा ब्रश करायचा. रात्रीचा कधीच चुकवू नका. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट द्या, त्याहून मोठ्याला वाटाण्याएवढी. गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नका.

आणि हे घरी सगळ्यांना सांगा : सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दातांच्या मागे जी दाढ येते, ती कायमची असते. "पडेल आणि नवीन येईल" म्हणून ती सोडून देऊ नका. गेली की पुन्हा येत नाही.

किडण्याची पहिली खूण काळी नसते, पांढरी असते. दातावर खडूसारखा डाग दिसला की तेव्हाच दवाखान्यात दाखवा. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीचं पथक येतं, त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीला येताना आपापली लेकरं घेऊन या. उजेडात बसून एकमेकींच्या मुलांचे दात बघू. किडा सापडणार नाही. पण पांढरा डाग सापडला, तर एक दाढ वाचेल.