डोक्यावरचा पदर आणि डोक्यावरचं पागोटं

मंडळी, आपल्या मराठवाड्यातली बरीच पोरं-पोरी एमबीबीएससाठी रशियात, जॉर्जियात आहेत. त्यांना भेटायला आईवडील जातात. गेल्यावर दोन दिवस फिरणं होतं, आणि तिथं फिरायचं म्हणजे जुनी चर्चेस आलीच. ही चर्चेस ऑर्थोडॉक्स पंथाची. तिथला रिवाज असा, की बाईनं डोकं झाकायचं आणि पुरुषानं टोपी काढायची. बऱ्याच ठिकाणी दाराशीच रुमाल ठेवलेले असतात. जॉर्जियात तर पँट घातलेल्या बायकांसाठी कमरेला गुंडाळायचं कापडही असतं. आपल्या साडीतल्या आईला वेगळं काही करावं लागत नाही. पदर डोक्यावर घेतला की झालं.

याचे फोटो आले की खाली दोन प्रकारच्या कमेंट ठरलेल्या. एक म्हणतो, "एवढा पुढारलेला देश आणि अजून बायकांची डोकी झाकतात!" दुसरा म्हणतो, "बघा, तिकडं संस्कार आहेत, आपल्याच पोरींना पदर नको." माझ्या मते दोघंही घाई करतात. या नियमाचा इतिहास थोडा आपल्या जालन्यातूनही जातो, तो आधी बघू.

नियमाचं मूळ एका पत्रात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात संत पौलानं ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं. बायबलमध्ये ते करिंथकरांस पहिले पत्र म्हणून येतं. त्याच्या अकराव्या अध्यायात नियमाचे दोन भाग आहेत. बाईनं प्रार्थना करताना डोकं झाकावं हा एक, आणि पुरुषानं झाकू नये हा दुसरा. पर्यटकांना आज पहिलाच भाग ठळक दिसतो, पण दुसराही तितकाच जुना आहे.

आता हे पत्र घेऊन मिशनरी महाराष्ट्रात आले तेव्हाची स्थिती डोळ्यासमोर आणा. बायकांच्या बाबतीत अडचणच नव्हती, पदर होताच. अडचण होती पुरुषांची. आपल्याकडं चारचौघांत बोडक्या डोक्यानं जाणं म्हणजे अपमान, नाहीतर सुतक. पागोटं उतरवून कुणाच्या पायावर ठेवणं म्हणजे शेवटची विनवणी. युरोपात देवासमोर टोपी काढणं हा आदर, तर आपल्याकडं डोकं झाकलेलं असणं हा आदर.

इथं जालन्याचा संबंध येतो. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्मानं ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं त्यांनी जालन्यात काम उभं केलं आणि शहराजवळ बेथेल नावाची वसाहत वसवली. तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होतं, जमीन त्या राज्याकडूनच मिळाली. वसाहतीत आलेली बहुतेक कुटुंबं गावकुसाबाहेरच्या समाजांतली होती. १८७३ साली न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली, तिथं हे जालन्याचे पाद्री बोलायला गेले. देशोदेशीच्या पाद्र्यांच्या त्या मेळ्यात ते उभे राहिले ते पागोटं बांधून. ख्रिस्ती होऊन तीस वर्षं झाली होती, तरी पागोटं सुटलेलं नव्हतं.

माझा मुद्दा इथं आहे. पुरुषाच्या डोक्यावरचं कापड म्हणजे त्याची इज्जत, त्याच्या देशाचा रिवाज, म्हणून ते राहिलं, आणि त्यामुळं ते कमी ख्रिस्ती ठरले नाहीत. म्हणजे नियम माणसाकडं आणि मुलखाकडं बघून वाकतो. मग बाईच्या वेळेलाच तो लोखंडाचा का होतो?

आणि आपला पदर तरी साधा होता का? पदर मायेचा, मानाचा, सगळं खरं. पण नवरा गेलेल्या बाईचे केस उतरवून तिच्या डोक्यावर लाल अलवण घालणारा समाजही आपलाच. तिथं डोकं झाकणं ही शिक्षा होती. 'बोडकी' हा शब्द शिवी म्हणून वापरला जायचा. १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिकांनी ठरवलं की हे काम आम्ही करणार नाही. पुढं १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं, की कपड्यालत्त्यावरून जात ओळखू येईल असं राहू नका. कापड कुणी कसं घ्यायचं याच्यामागं सत्ता कुणाची, हे आपल्या लोकांनी चांगलं ओळखलं होतं.

चर्चमध्येही सगळीकडं एकच कायदा नाही. रोमन कॅथलिकांच्या १९१७ च्या धर्मसंहितेत बायकांनी चर्चमध्ये डोकं झाकावं असं लिहिलेलं होतं. १९८३ च्या संहितेत ते कलमच नाही. म्हणून गोव्याच्या चर्चमध्ये आज डोकं झाकायला कुणी सांगत नाही, अंगभर कपडे असावेत एवढंच बघतात. ऑर्थोडॉक्सांत रशिया-जॉर्जियात रिवाज कडक, ग्रीसमध्ये बराच सैल. तिथं खांदे आणि गुडघे झाकलेले असले की सहसा भागतं. आणि ऑर्थोडॉक्स बघायला परदेशीच जायला हवं असंही नाही. केरळमधून आलेल्या मलंकर ऑर्थोडॉक्स मंडळींची चर्चेस मुंबई-पुण्यात आहेत. तिथं बायका साडीचा पदर किंवा ओढणी डोक्यावर घेतात, आणि जुन्या रिवाजाप्रमाणं चपला बाहेर काढतात. रशियात बूट घालूनच आत जातात. देव तोच, पंथाचं नावही तेच, पण चपलेचा नियम मातीनं ठरवला.

आता घराजवळ या. जालन्याहून रेल्वेनं नांदेडला गेलं की हुजूर साहिब. तिथं डोकं झाकायचं बाईनंही आणि पुरुषानंही, आमदार असो की हमाल. रुमाल नसला तर तिथं मिळतो. दर्ग्यातही पुरुष रुमाल बांधतात. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल लोकांच्या सिनेगॉगमध्ये पुरुष टोपी घालतात. अशा ठिकाणी कुणाला अपमान वाटत नाही, कारण नियम सगळ्यांना आहे आणि कापड हातात दिलं जातं.

याउलट मे २०२३ मध्ये तुळजापूरला काय झालं ते आठवा. कपड्यांबाबत मनाईचे फलक लागले, ओरड झाली आणि त्याच दिवशी ते मागं घ्यावे लागले. त्यानंतर राज्यात कितीतरी मंदिरांत पाट्या लागल्या. पाटी लावायला माझी हरकत नाही, जागेचा मान असतोच. पण पाटीवर नियम दोघांसाठी असला, तरी दारात अडवली जाते ती बहुतेक पोरगीच. बर्म्युडातला काका सरळ आत जातो. दहा गावं ओलांडून आलेल्या पोरीला सगळ्यांसमोर बोलून माघारी पाठवलं, तर त्यात देवाचा मान कुठं वाढला?

म्हणून सांगणं दोघांना आहे.

जाणाऱ्यांना : रशिया, जॉर्जियाला जाताय तर पर्समध्ये एक सुती ओढणी ठेवा. गुडघ्याखाली येणारे कपडे घाला. दादा लोकांनी टोपी काढायची, हाफ पँट टाळायची. प्रार्थना चालू असेल तर मध्ये फिरू नका, फोटो विचारून काढा. डोकं झाकलं म्हणून तुमचा धर्म बदलत नाही की तुम्ही मागास ठरत नाही. पाहुण्यानं घरच्या रितीला मान दिला, एवढाच त्याचा अर्थ.

आणि दारावर बसणाऱ्यांना, मग ते आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही देवस्थानाचे विश्वस्त असोत : पाटीशेजारी एका खुंटीला चार स्वच्छ शाली, चार लुंग्या टांगा. खर्च हजार-दोन हजारांचा. नियम बाई-पुरुष दोघांना सारखा लावा. आणि सांगायचं ते बाजूला घेऊन, "ताई, एवढं अंगावर घ्या," असं सांगा.

आपल्या भागात कुठल्या देवस्थानात अशी सोय आहे, ते कमेंटमध्ये जरूर लिहा. चांगल्या गोष्टीची नावं घेऊ. जिथं नाही तिथल्या विश्वस्तांपर्यंत ही पोस्ट पोचवा.